मांजा नसलेले पतंग

चिंगीने त्याला पहिल्यांदा लिहिलं ते मांजाबद्दल, आणि तिथेच फसली.

चिंगी हे तिचं घरातलं नाव. एकदा ती डबा विसरली म्हणून आई ऑफिसच्या जिन्यातूनच हाका मारत आली, आणि तेव्हापासून ऑफिसातही ती चिंगीच झाली. ऑफिस दिव्यांचं. दुकानांच्या पाट्यांवरचे, गोदामांतले, अंगणातले, फाटकावरचे असे तऱ्हेतऱ्हेचे दिवे विकणारी लहानशी कंपनी. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एक खोक्यांनी भरलेली. दुसरीत मालकीणबाई, म्हणजे मॅडम, मालाची ने-आण बघणारा लंबू, आणि खिडकीशी चिंगी. खिडकी उघडली की खालच्या छापखान्यातल्या शाईचा वास यायचा.

चिंगीचं काम मोठं मजेदार होतं. अनोळखी माणसांना मेल लिहून दिवे घ्यायला राजी करायचं. पण अनोळखी माणसाचा मेल कोण उघडून बघतो? म्हणून मॅडमनी शिस्त लावली होती, "पहिली ओळ माणसाची, दुसरीपासून दिव्यांची." त्या पहिल्या ओळीसाठी चिंगी त्या माणसाचं सोशल मीडियावरचं पान उघडायची. त्याने सगळ्यांना दिसेल असं जे मांडून ठेवलेलं असे ते वाचायचं, त्यातून त्याची आवड हुडकायची, आणि ती ओळीत गुंफायची. दातांचे डॉक्टर पहाटे पळायला जातात? मग ओळ पळण्याची. शिंपीणबाईंनी मांजराचे फोटो टाकलेत? मग ओळ मांजराची. समोरचा माणूस खूश होऊन उत्तर द्यायचा. या कामात चिंगीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पूर्वी एखाद्या मुलीची आवड काढायची म्हणजे केवढी यातायात! तिच्या धाकट्या भावाला चॉकलेट चारायचं, मैत्रिणीच्या मैत्रिणीला गाठायचं, वाचनालयात तिने कुठलं पुस्तक नेलं ते आडून आडून विचारायचं. एवढं करून शेवटी कळायचं काय, तर तिला जांभळा रंग आवडतो. पण तेवढ्या जांभळ्या रंगावर माणसं जन्मभराची स्वप्नं बघत! आता बोट फिरवलं की माणूस समोर उलगडून ठेवलेला. उलगडतो खरा... कळतो का, ते वेगळं.

तिने नर्सरीवाल्याचं पान उघडलं त्या दिवशी इंटरनेट रडतखडत चाललं होतं. फोटोंच्या जागी नुसते करडे चौकोन. अक्षरं मात्र दिसत होती. 'झाडांची नर्सरी. छंद – पतंग.' खाली कुठेतरी, 'गच्चीवर तयारी झाली. आज पतंगांची मजा.' आणखी खाली, 'वारा पडला. आता भरपूर येतील.'

वारा पडल्यावर पतंग? चिंगीच्या मनात आलं खरं, पण मॅडम येरझारा घालत होत्या. तिने लिहून टाकलं –

'वारा पडला तरी ज्यांचे पतंग खाली येत नाहीत, अशा माणसाला मी पहिल्यांदाच लिहिते आहे. मांजा जपून धरा, बोटं कापतात. आता तुमच्या आवारातल्या दिव्यांबद्दल...'

जेवणाची सुट्टी संपते न संपते तोच उत्तर आलं.

'नमस्कार. माझ्या पतंगांना मांजा लागत नाही. शेपटी नसते. सहा पाय मात्र असतात. फुलपाखरांचे संध्याकाळच्या पाळीतले भाऊबंद म्हणा हवं तर. कृपा करून फोटो बघा. आणि दिवे नकोत. तुमचे पांढरे झगझगीत दिवे लागले की माझे पतंग फुलं सोडून दिव्याभोवती फिरत बसतात. उपाशी मरतात बिचारे.'

एव्हाना फोटो उमटले होते. मखमली, राखाडी, शेंदरी ठिपक्यांचे... एक तर पोपटी, चिमुकल्या विमानासारखा. सगळे पांढऱ्या चादरीवर पंख पसरून बसलेले. चिंगीने टेबलावर डोकं टेकलं.

"काय गं? रडतेस?" लंबूने विचारलं.

"हसतेय रे! मी किड्यांना मांजा बांधला!"

तिने लगेच लिहिलं, 'चूक कबूल. मांजा गुंडाळून ठेवला आहे. पण एक सांगा – कापाकापी नाही, पेच नाही, मग यात मजा काय?'

'मजा म्हणजे गप्प बसून वाट बघायची. कोण येणार ते माहीत नसतं. तुम्हाला जमेलसं वाटत नाही.'

'का बरं?'

'तुम्ही फार पटकन लिहिता.'

चिंगीचे कान तापले. आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, तिने दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर दिलं नाही. सकाळी येऊन बघते तो त्याचाच मेल आलेला : 'बरं, जमतं म्हणायचं!'

मग काय! दिवे राहिले बाजूला. आज काय आलं, कुठली अळी कुठल्या पानावर जेवायला बसली, चिंगीच्या खिडकीत मेलेला दिसला तो पतंग की नुसतंच पाखरू... मॅडम एक दिवस चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय म्हणतोय तो नर्सरीवाला?"

"विचार करतोय."

"कधीचा विचार करतोय! दिवे घेतोय की सोयरीक जुळवतोय?"

लंबूला ठसका लागला.

"जाऊन जागा बघून ये," मॅडम म्हणाल्या. "मेलवर मेल, मेलवर मेल... अशाने खांब उभे राहत नाहीत."

ती गेली तेव्हा नुकती सर येऊन गेली होती. हिरव्या जाळीच्या छपरातून थेंब टपकत होते, आणि खाली ओळीने मांडलेल्या कुंड्यांत टप... टप... असे वेगवेगळे आवाज करत होते. ओल्या मातीवर फळ्या टाकून वाट केलेली. फाटकाजवळच्या गल्ल्यावर दोरीचा चष्मा लावलेल्या एक बाई बियांच्या पुड्या बांधत होत्या.

"कोण हवंय?"

"मी दिव्यांच्या कंपनीतून..."

"अगं बाई! मांजावाली?" बाईंनी पुडी खाली ठेवली. "मी आत्या त्याची. अरे ए... ऐकलंस का? तुझी मांजावाली आली!"

त्या 'तुझी'वर चिंगी लाल झाली. रोपांच्या रांगेतून तो उभा राहिला, तोही लाल झालेला. कोपरापर्यंत माती, केसांत एक पान.

"समजाव गं याला," आत्या म्हणाली. "लोक नर्सरी चालवतात, हा अळ्यांची खानावळ चालवतो! तिकडची कण्हेरीची रोपं विकायची नाहीत म्हणे. का, तर पाहुणे जेवतायत!"

"आत्या, जेवून झालं की विकू ना."

"जेवून झाल्यावर काड्या घेणार कोण?"

त्याने तिला सगळं आवार दाखवलं. चिंगीने कुठे खांब, कुठे तार असं बोलायचं म्हणून बोलून घेतलं. उजेड मंद होत गेला. मागच्या कुंपणावर पांढरी फुलं उमलायला लागली, आणि तो एकदम थांबला.

"हलू नका."

"काय..."

"श्श!" त्याने तिच्या बाहीची कड दोन बोटांत धरली. नुसती कड. फुलासमोर हवेत काहीतरी अधांतरी थरथरत होतं – तोच पोपटी, विमानासारखा. बसत नव्हता, उडतही नव्हता. लांब सोंड फुलात, आणि पंख इतके वेगाने हलणारे की दिसतच नव्हते. चिंगीने श्वास रोखला. पतंग दुसऱ्या फुलावर गेला, तिसऱ्यावर गेला, आणि अंधारात मिसळून गेला. बाहीची कड मात्र सुटली नव्हती. दोघांच्या ते एकदमच लक्षात आलं.

"तुमचं पान बघितलं मी," तो हात खिशात घालत म्हणाला.

"माझं?"

"तुम्ही माझं बघितलंत, म्हटलं फिट्टंफाट करू. तर काय, एका रिकाम्या खुर्चीचा फोटो! बाकी सगळा शुकशुकाट."

"ऑफिसातली खुर्ची आहे ती."

"छान आहे. पण तुम्हाला काय आवडतं, काय नाही..."

"आम्ही आचारी. आपल्या हातचं आपण खात नाही."

"म्हणजे रांधण्यात काहीतरी घोळ आहे," तो हसत म्हणाला.

त्याने सहज म्हटलं, पण तिला ते लागलं. "ते झाड कसलं हो?" तिने पटकन विचारलं. तो झाडाबद्दल सांगू लागला. समोरच्याला त्याच्या आवडीवर नेऊन सोडलं की तो आपल्याबद्दल विचारायचं विसरतो, हे तिच्या धंद्यातलं पहिलं गुपित.

त्यानंतर जागा पुन्हा बघावी लागली. आणि पुन्हा. चिंगीने माल धुंडाळून पिवळसर, मंद, मान खाली घातलेले दिवे शोधून काढले. पायाखालची वाट उजळेल, पण फुलांकडे वाकून बघणार नाहीत असे. तो म्हणाला, "याचा विचार करता येईल." घरी आई म्हणाली, "रोज बुटांना माती कुठली गं?"

"कामाची."

"कामाची माती कुणी अशी गुणगुणत पुसत नाही."

आणि अचानक त्याचे मेल थांबले.

चिंगीने लिहिलं. उत्तर नाही. हिरव्या पतंगाबद्दल विचारलं. उत्तर नाही. ती दर थोड्या वेळाने मेल उघडून बघायची आणि मिटायची. शेवटी लंबूला राहवलं नाही.

"तू मध्ये रजेवर होतीस ना... त्या दिवशी मॅडमनी त्याला एक मेल पाठवलाय. तुझ्या नावाने."

सगळे मेल चिंगीच्याच नावाने जात, कारण तिच्या नावाला उत्तरं येत. तिने मेल उघडला.

'आज आईंची आठवण दाटून आली असेल. त्यांनी लावलेली जाई अजून तशीच बहरते, हे वाचून माझेही डोळे भरून आले. ती जाई संध्याकाळीही उजळून दिसावी, म्हणून आजच्या दिवशी खास तुमच्यासाठी दिव्यांवर सवलत...'

चिंगी उठली. मॅडमच्या टेबलापाशी जाऊन ती उभी राहिली. "हे तुम्ही का लिहिलंत?"

"का म्हणजे? गिऱ्हाईक लोंबकळत होतं. पान बघितलं, आईचा स्मृतिदिन निघाला." मॅडमना खरोखरच कळेना. "मी काय कुलूप फोडलं का गं? त्यानेच लिहिलंय, जगाला दिसेल असं."

"दार उघडं दिसलं म्हणून आपण कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो का, मॅडम?"

"आणि हे मला शिकवलं कुणी? शिंपीणबाईंचं मांजर मेलं तेव्हा पहिली ओळ कोणाची होती?"

ओळ चिंगीचीच होती. चांगली जमली म्हणून मॅडमनी पेढे दिले नव्हते तरी कॉफी पाजली होती.

"माझीच होती," ती हळू म्हणाली. "आता नाही लिहिणार. छंदाबद्दल लिहीन, कामाबद्दल लिहीन, आणि 'तुमचं पान वाचून लिहिते आहे' असं उघड सांगून लिहीन. कुणाच्या दुःखाला हात लावणार नाही. आणि माझ्या नावाने दुसरं कुणी लिहायचं नाही."

"गिऱ्हाइकं गेली तर?"

"तर मीही जाईन."

मॅडमनी उगाच पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "लागलीच जायच्या गोष्टी! बघू थोडे दिवस तुझ्या पद्धतीने. आधी त्याला जाऊन भेट. असं तोंड करून इथे बसलीस तर आहेत ती गिऱ्हाइकंही घालवशील."

नर्सरीत आत्याने आज मान वर केली नाही. "दिवे नकोत आम्हाला."

"मीही नाही आणलेत," चिंगी म्हणाली.

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग हनुवटीने मागची बाजू दाखवली.

तो रोपं मोठ्या कुंड्यांत हलवत होता. ती आल्याचं त्याला कळलं होतं, पण त्याचे हात थांबले नाहीत.

"तो मेल मी लिहिला नव्हता."

"नाव तुमचं होतं."

"नाव माझं, लिहिलं मॅडमनी. पण..." इथे थांबता आलं असतं. ती थांबली नाही. "पण तसं लिहायची वाट मीच पाडली. तेव्हा अर्धा माझाच म्हणा."

त्याने रोपाभोवतीची माती दाबली. "ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. सगळ्यात वाईट काय, माहितीये? चांगली लिहिली होती. आत्या आणि मी, त्या दिवशी दोघंही आईचं नाव काढत नाही. दुसऱ्याला रडू येईल म्हणून. आणि कुणीतरी काढलं... तुम्ही काढलंत असं वाटलं... इतकं बरं वाटलं क्षणभर! मग खाली सवलत दिसली."

छपराची जाळी वाऱ्याने फडफडली.

"रागावलो नाही मी. उघड्यावर मांडलं होतं ते मीच. पण आता झालंय असं, की तुम्ही काहीही गोड बोललात तर मला वाटणार, हे हिने कुठे वाचलं? पतंगांचं इतकं विचारता... तुम्हाला आवडतात म्हणून, की मला आवडतात म्हणून?"

याचं उत्तर तिला क्षणात सुचलं असतं. छान, गोल, मनात उतरेल असं. तेच तर तिचं काम. ती पालथ्या कुंडीवर बसली आणि आलेलं उत्तर तिने गिळून टाकलं.

"आधी नव्हते आवडत," ती म्हणाली. "भीती वाटायची. तो केसाळ करडा आहे ना, त्याची अजून वाटते. अंगावर बसला तर किंचाळेन."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

"पण हिरवा आवडतो. त्याच्यासाठी मी घरी जायला उशीर करते, आणि आईला खोटं सांगते. हे मी तुमच्या पानावर वाचलेलं नाही."

"मग तुमचं पान माणसाने वाचायचं कुठे?"

"कुठेच लिहिलेलं नाही. विचारा. आज मी विषय बदलणार नाही."

त्याने नळावर हात धुतले. सावकाश. मग दुसरी कुंडी पालथी घालून तिच्यासमोर बसला. "काय आवडतं तुम्हाला?"

चिंगीने तोंड उघडलं, आणि... काही नाही. शेकडो माणसांच्या आवडी तिला तोंडपाठ होत्या. स्वतःची एक सापडेना. अंधाऱ्या कपाटात हात घालून चाचपावं तसं तिने चाचपून बघितलं.

"पावाची कड," ती शेवटी म्हणाली. "भावाने खाल्ली तर अजून भांडते. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या उडी मारून उतरायला आवडतं. कुणी बघत नसेल तर. ऑफिसात सगळ्यात आधी पोचले की नमुन्याचे सगळे दिवे एकदम लावते... मग एकेक घालवते. गाते. वाईट गाते."

तो ऐकत होता.

"आणि माझे बाबा गेले तेव्हा मी कुठेही काही लिहिलं नाही. एक फोटो नाही, एक शब्द नाही." तिचा आवाज खाली गेला. "मला वाटलं... उद्या कुणीतरी त्याची पहिली ओळ करेल."

जाळीवर पुन्हा पावसाचे थेंब वाजायला लागले, आधी तुरळक, मग सलग. त्याने आपली कुंडी पुढे सरकवली, इतकी की दोघांचे गुडघे टेकले.

मग त्याने विचारलं, "आणखी काय आवडतं?"

"आणखी..." चिंगीने डोळे पुसले. "आणखी तू."

"काय म्हणालात?"

"ऐकलंस की."

"नाही, म्हणजे... हा 'तू' कुठला? आवडीतला, की अहो-जाहो संपलं त्यातला?"

"दोन्ही," चिंगी म्हणाली.

तो हसला. मोकळा, मोठ्यांदा. मग गंभीर झाला आणि तिच्याकडे झुकला. "मग मलाही एक सांगायचंय. हे मी कुठे लिहिलेलं नाही. आत्यालाही ठाऊक नाही."

"सांग ना."

"अरे, गिऱ्हाईक आलंय!" समोरून आत्याची हाक आली. दोघंही हलले नाहीत. आत्याने दुसरी हाक मारली नाही. "थांबा हो जरा, मीच दाखवते," असं तिचं बोलणं मात्र पावसातून ऐकू आलं.

त्याने चिंगीच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. ऐकताना ती आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले, आणि मग तिने त्याचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

काय सांगितलं, ते त्या दोघांनाच ठाऊक. आपल्याला कळून तरी काय करायचंय?